बाळाचा कान आणि घरातील गाणे

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला व त्यातूनच प्रस्तुत लेख निपजला. आमच्या धाकट्या सुनेस त्या वेळी सातवा महिना लागला होता. चिरंजीव नागपुरास नोकरीवर असून दर शनिवारी आगगाडीने गोंदियास येतात. एका शनिवारी त्यांनी सोबत एक पेटी आणली. पेटीतून पोटावर बांधावयाचा एक पट्टा निघाला. त्या पट्ट्यात दोन लहान ध्वनिक्षेपक बसविलेले होते, व मोबाइलवरून त्यांत वीणेचे, बासरीचे व मंत्रपठणाचे ध्वनी सोडावयाचे होते. सकाळी अर्धा तास व रात्री अर्धा तास हा पट्टा बांधला असता अर्भक कुशाग्र बुद्धीचे निपजते, असे पेटीवर छापलेले होते.

आमच्या आत्या, वय वर्षे सत्त्याऐंशी, ओसरीवर बसून हे सर्व पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आम्ही पहाटे जात्यावर बसायचो तेव्हा कोणतं यंत्र होतं? दळणाबरोबर ओव्या व्हायच्या, अन् पोटातलं लेकरू ऐकायचं." चिरंजीव म्हणाले, "आत्याआजी, आता विज्ञान पुढे गेलं आहे." आत्यांनी कपाळास आठ्या घातल्या व त्या माळ ओढू लागल्या. दोघांपैकी कोणाचीही बाजू घेण्याचे आम्ही टाळले. संयुक्त कुटुंबात वडीलधाऱ्यांस हे कसब यावेच लागते.

परंतु तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी सूनबाई देवघरापाशी आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, एक विचारू का? अंग जड झालं आहे, पट्टा लावला की जीव घाबरा होतो, म्हणून चार दिवस लावलाच नाही. ह्यांना सांगितलं नाही मी. बाळाचं काही नुकसान तर होणार नाही ना?" हे विचारताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. चाळीस वर्षे मुलांस शिकविण्यात गेल्यामुळे आम्हांस एवढे कळते की, ज्या प्रश्नामागे डोळ्यांत पाणी आहे, त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. म्हणून आम्ही तिला चार दिवसांची मुदत मागितली व वाचावयास बसलो.

प्रथम आमच्या परिचयाचे ग्रंथ उघडले. उदरस्थ बालकाने ऐकल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. अभिमन्यूची तर सर्वांस ठाऊक आहे. मात्र महाभारताच्या द्रोणपर्वात तो स्वतः एवढेच सांगतो की, व्यूहात शिरण्याची विद्या पित्याने आपणांस शिकविली. सुभद्रेच्या उदरी असता ती ऐकल्याचा भाग लोकपरंपरेने पुढे रंगविलेला आहे. वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. त्याने गर्भातूनच पिता कहोड ह्याच्या अध्ययनातील दोष दाखविला व शापाने तो आठ ठिकाणी वाकडा झाला. भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हादाने मातेच्या उदरी नारदाचा उपदेश ऐकला. कथा त्या कथाच, त्यांस कोणी प्रयोगसिद्ध पुरावा म्हणू नये. तथापि गर्भास कान आहेत ही कल्पना आपल्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेली होती, एवढे त्यांवरून निश्चित होते.

ह्याहून आम्हांस मोलाचे वाटले ते आश्वलायन गृह्यसूत्रातील सीमंतोन्नयनाचे प्रकरण. गर्भाच्या चौथ्या महिन्यात करावयाच्या ह्या संस्कारात पती गर्भिणीच्या केसांचा भांग काढतो, व नंतर दोन वीणावादक गायकांस सोम राजाचे गान करण्यास सांगावे, असे सूत्र आहे. त्या गाण्यात, ज्या नदीच्या काठी ते कुटुंब राहते तिचे नाव घ्यावयाचे असते! आमच्या जिल्ह्यात हा संस्कार व्हावयाचा तर वैनगंगेचे नाव घ्यावे लागेल. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, गाणारे पुढे बसलेले आहेत, गर्भिणी ऐकते आहे व नाव घेतले जाते ते ओळखीच्या नदीचे. हा सोहळा मुख्यतः मातेचे चित्त प्रसन्न व्हावे म्हणून असावा, असे आमचे मत झाले. 'डोहाळे' हा आपला शब्द आयुर्वेदातील 'दौहृद', म्हणजे दोन हृदये असणे, ह्यापासून आला असे परंपरा सांगते. एक हृदय संतुष्ट असेल तर दुसऱ्यास सुख, हाच त्यातील आशय होय.

आता अर्वाचीन शास्त्र काय सांगते ते पाहू. आयर्लंड बेटावरील बेलफास्ट येथे हेपर व शाहिदुल्ला ह्या दोन संशोधकांनी ४५० गर्भांची परीक्षा करून १९९४ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मातेच्या पोटावर ध्वनी सोडावयाचा व गर्भ हालतो काय, हे ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे ज्यास आपण सोनोग्राफी म्हणतो तिने, पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. पहिली हालचाल दिसली ती एकोणिसाव्या आठवड्यात, व तीही एकाच गर्भात. सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंत शंभरांतील शहाण्णव गर्भ खालच्या पट्टीच्या ध्वनीस प्रतिसाद देऊ लागले. हा ध्वनी म्हणजे पेटीच्या मध्य सप्तकातील पांढरी एक व तिच्या वरचे एक सप्तक, एवढ्या टापूतला समजावा. उंच, किनरे ध्वनी ओळखावयास मात्र तेहतीस ते पस्तीस आठवडे लागले. म्हणजे कान प्रथम खर्जाकडे उघडतो व नंतर तारसप्तकाकडे.

उदरात पोहोचते तरी काय? आमच्या भागातील वाचकांस हे एका उदाहरणाने सहज समजेल. लहानपणी गावच्या बोडीत बुडी मारून आपण पाण्याखाली असताना काठावरून कोणी हाक मारली, तर हाकेतील अक्षरे कळत नाहीत. परंतु कोणी हाक मारीत आहे हे कळते, व आवाज आईचा की मित्राचा हेही बहुधा कळते. गर्भाची स्थिती काहीशी अशीच आहे. पोटाची भिंत व गर्भजल ह्यांतून येताना उंच ध्वनी क्षीण होतात व खालचे ध्वनी टिकतात. शब्द पुसट होतात, परंतु चाल, ठेका व बोलण्याचा चढउतार शिल्लक राहतो. त्याखेरीज आतले नादही आहेतच: मातेच्या हृदयाची धडधड, रक्ताचा प्रवाह, आतड्यांची गुरगुर. ह्या सर्वांत एक आवाज विशेष स्पष्ट असतो, तो मातेचा. कारण तो हवेतून तर येतोच, परंतु तिच्या शरीरातून व अस्थींतूनही आत उतरतो. दुसऱ्या कोणाच्याही गळ्यास हा दुहेरी मार्ग नाही.

बाळ ऐकते, हे एक झाले. पण ते लक्षात ठेवते काय? ह्याचे उत्तर देणारा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत डीकॅस्पर व फायफर ह्यांनी १९८० साली केला. तीन दिवसांच्या आतल्या अर्भकांच्या तोंडात कृत्रिम बोंडी देऊन अशी योजना केली की, एका लयीने चोखले असता मातेचा आवाज ऐकू यावा व दुसऱ्या लयीने चोखले असता परक्या स्त्रीचा. अर्भकांनी मातेच्या आवाजाची लय शोधून काढली व तीच धरली. पुढे १९८६ साली डीकॅस्पर व स्पेन्स ह्यांनी सोळा गर्भिणींस शेवटले सहा आठवडे एक ठराविक बालकथा दिवसातून दोनदा मोठ्याने वाचावयास सांगितली. जन्मानंतर त्या बाळांनी नव्या कथेपेक्षा हीच कथा ऐकणे पसंत केले, व ती परक्या स्त्रीने वाचली तरीही! अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता. ओळख पटली होती ती लयीची.

गाण्यासंबंधीचा मासला तर मोठा गमतीचा आहे. इंग्लंडादि देशांत त्या काळी एक लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका रोज लागत असे. ज्या स्त्रिया गरोदरपणी ती नेमाने पाहत, त्यांच्या नवजात बाळांपुढे तिच्या आरंभीचे संगीत वाजविताच ती शांत व सावध होत; इतर सूर वाजविले तर तसे होत नसे. हेपर ह्यांनी हे १९८८ साली प्रसिद्ध केले. मात्र ती ओळख पुढे ताजी ठेवली नाही तर तीन आठवड्यांनी मावळलेली दिसली, हेही त्यांनी नमूद केले आहे. ह्याउलट फ्रान्समधील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, गर्भाच्या पस्तीस ते सदतीस ह्या आठवड्यांत रोज ऐकविलेली पियानोची उतरत्या स्वरांची एक लहानशी धून महिन्याचे बाळ ओळखते. ती ऐकताच त्याच्या हृदयाचे ठोके जितके मंदावतात, ते अनोळखी बाळाच्या मानाने सुमारे दुप्पट असतात. फिनलंडमध्ये २०१३ साली पार्टानेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भिणींस शेवटच्या तिमाहीत आठवड्यातून पाचदा 'ट्विंकल ट्विंकल' ह्या बालगीताची चाल वाजवावयास सांगितली. त्या बाळांच्या मेंदूचा प्रतिसाद जन्मतः व चौथ्या महिन्यातही इतर बाळांहून अधिक स्पष्ट आढळला.

ताल तर बाळ जणू घेऊनच येते. २००९ साली हंगेरीत विंकलर प्रभृतींनी निजलेल्या नवजात बाळांच्या कानी ढोलाचा ठेका सोडला व मधूनच नेमकी पहिली मात्रा गाळली. बाळांच्या मेंदूने ती चूक टिपली. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, समेवर थाप पडली नाही हे दोनतीन दिवसांच्या श्रोत्यास उमगले. त्याच वर्षी जर्मनीतील वेर्मके व त्यांच्या सहकारी ह्यांनी तीस फ्रेंच व तीस जर्मन नवजात बाळांचे रडणे तपासले. फ्रेंच बाळांचे रडणे चढत्या सुराकडे झुकणारे व जर्मन बाळांचे उतरत्या सुराकडे झुकणारे निघाले, जसे त्या त्या भाषेचे वळण आहे तसे. आमच्या जिल्ह्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी अशा कितीतरी बोलींची घरे शेजारीशेजारी नांदतात. आषाढात गुडघाभर चिखलात धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायका गात असतात. त्यांच्यात एखादी गर्भारही असते. तिचे लेकरू घरच्या बोलीची चाल व रोवणीच्या गाण्याचा ठेका हे दोन्ही कानी घेऊनच जन्मास येत असले पाहिजे.

येथवर वाचून आत्यांचा पक्ष बळकट झाला असे कोणास वाटेल, व ते खरेही आहे. परंतु चिरंजीवांच्या पेटीवर छापलेल्या वचनाचे काय? बाळ कुशाग्र होते काय? वाचकहो, वर सांगितलेल्या प्रयोगांत मोजली गेली ती ओळख, बुद्धी नव्हे. 'संगीताने बुद्धी वाढते' ह्या समजाचे मूळ दुसरीकडेच आहे. १९९३ साली कॅलिफोर्नियात राउशर, शॉ व काय ह्या तिघांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मोझार्ट ह्या युरोपीय संगीतकाराची रचना दहा मिनिटे ऐकविली. नंतर आकृत्यांच्या एका परीक्षेत त्यांनी थोडे अधिक गुण मिळविले, व हा परिणाम पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. ह्या प्रयोगात बाळ नव्हते, गर्भ नव्हता, आयुष्यभराची बुद्धीही नव्हती. तरी १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर ह्यांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी संगीताची तबकडी धाडण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले! पुढील वर्षीच अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून चाब्रिस ह्यांनी हा परिणाम नगण्य ठरविला. परंतु बाजार एकदा उठला की हिशेब कोण पाहतो?

आपल्या महाराष्ट्रात 'गर्भसंस्कार' हा शब्द घरोघर पोहोचला तो प्रामुख्याने लोणावळ्याजवळील आत्मसंतुलन व्हिलेजचे वैद्य बालाजी तांबे ह्यांच्या 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' ह्या ग्रंथामुळे व त्यासोबतच्या संगीतामुळे. तांबे २०२१ साली निवर्तले; शब्द मात्र पुढे वाढत गेला व त्याच्या आश्रयाने आता वर्ग, पट्टे व यंत्रेही विकली जातात. गर्भिणीने सुस्वर संगीत ऐकावे, चित्त प्रसन्न ठेवावे, सात्त्विक आहार घ्यावा, ह्यास कोण नाही म्हणेल? आमचा आक्षेप एवढाच की, जे सुखासाठी करावयाचे ते आम्ही परीक्षेच्या अभ्यासासारखे करून ठेवले. परीक्षेचा धाक आम्ही चाळीस वर्षे पोरांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे. तो आता गर्भिणीच्या चेहऱ्यावर पाहावा लागेल असे कधी वाटले नव्हते.

शिवाय पट्ट्यात दुसरा एक दोष आहे. ध्वनिक्षेपक पोटास चिकटून असतो, आवाज किती मोठा होतो आहे ते बाहेरच्यास कळत नाही, व गर्भास तर कानावर हात ठेवता येत नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भ बहुतेक वेळ निद्रेत असतो. त्यास सक्तीने जागे करून काय साधावयाचे? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातील आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असे १९९७ साली सांगितले. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लग्नसराईत आमच्या गल्लीतून डीजेची गाडी निघते तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरतात व छातीत धडधड होते. गर्भसंस्काराची चिंता वाहणाऱ्या घरांनी वरातीतील तो राक्षस जरी बंद केला, तरी गल्लीतील समस्त बालकांवर उपकार होतील.

चौथ्या दिवशी आम्ही सूनबाईस बोलावून सांगितले, "बाळ, पट्टा लावला नाही म्हणून कणभरही बिघडलेले नाही. तुझ्या बाळास जो आवाज सर्वांत चांगला ऐकू येतो, तो तुझ्या गळ्यात आहे. बोलत राहा, मनात येईल तेव्हा गुणगुणत राहा. कंटाळा आला तर गप्प राहा, तेही चालते." ती हसली. आत्याही हसल्या. चिरंजीवांस सांगण्याचे काम आमच्या कुटुंबाने पत्करले व ते कसे पार पाडले ह्याची चौकशी आम्ही केली नाही.

जन्मानंतर तर गाण्याचे काम अधिकच उघड होते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सहा ते दहा महिन्यांच्या बाळांवर झालेला एक प्रयोग आहे. आई दृष्टीआड असता व खेळणे जवळ नसता बाळ किती वेळ न रडता राहते, हे पाहावयाचे होते. नुसते लाडिक बोलणे ऐकविले तर ते सुमारे चार मिनिटे राहिले. गाणे ऐकविले तर सुमारे नऊ मिनिटे. आणि ते गाणे होते तुर्की, त्या बाळांच्या घरी कोणासही न कळणारे! अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीही हे उपयोगी आहे. अमेरिकेतील अकरा रुग्णालयांत २७२ अशा बाळांवर लोवी ह्यांनी केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. आईबापांच्या पसंतीचे गाणे अंगाईच्या चालीवर हळुवार गाईले असता बाळांच्या हृदयाचे ठोके स्थिरावले व आईबापांची धास्तीही कमी झाली. कमी वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत आता आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवितात. इस्राएलातील २०१४ सालच्या पाहणीत, तसे धरून आईने हलकेच गाईले असता नुसत्या धरण्यापेक्षा बाळाची प्रकृती अधिक स्थिर राहिली. ह्यासाठी वीज लागत नाही, पैका लागत नाही, व गळा गोड असण्याचीही अट नाही.

एवढे लिहून लेख पुरा झाला असता. परंतु एक गोष्ट मनात सलते आहे, ती सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे एक चुलतबंधू रेल्वेत होते व लोहमार्गालगतच्या वसाहतीत राहत. हावडा–मुंबई मार्गावरील आमचे जंक्शन. रात्रंदिवस गाड्यांचा खडखडाट. त्यांस पुत्र झाला. आम्ही सर्व भेटीस गेलो. खिडकीबाहेरून मालगाडी शिट्टी फुंकीत गेली, आमच्या हातातील चहा हिंदकळला, बाळ मात्र निश्चिंत निजलेले. "किती गुणी लेकरू!" असे आम्ही म्हणालो. आमच्या वाचनात कोठेतरी असे आले होते की, जपानातील ओसाका विमानतळाजवळ जी बाळे गर्भात असल्यापासून विमानांचा आवाज ऐकत असतात, ती जन्मल्यावर त्या आवाजाने दचकत नाहीत. ती पाहणी खरी आहे, १९७० च्या सुमाराची आहे. आम्ही ती मोठ्या पांडित्याने तेथे सांगितली. "गाड्यांची सवय पोटातूनच झाली आहे," असा निर्णय दिला, व घरातील सर्वांनी मास्तरांचा शब्द म्हणून तो मानला.

मुलगा दीड वर्षाचा झाला, बोलेना. वहिनींनी शंका काढली. एका डॉक्टरांनी 'मुलगे उशिराच बोलतात, वाट पाहा' असे सांगितले, व आम्हीही तेच सांगितले. अडीच वर्षांचा झाल्यावर नागपुरास तपासणी झाली तेव्हा कळले की, त्यास जन्मतःच ऐकू येत नव्हते. वहिनी रात्री रात्री त्यास थोपटीत अंगाई म्हणत. त्या दिवशी त्या आम्हांस एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, अडीच वर्षं मी कुणासाठी गात होते?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज वाटते, ते गाणे वाया गेले नव्हते. छातीशी धरलेल्या बाळास गाणाऱ्या आईच्या उराचा कंप कळतो, थोपटण्याचा ताल कळतो. परंतु अडीच वर्षे वाया गेली ती गेलीच. तो मुलगा पुढे खुणांच्या भाषेत शिकला, उत्तम चित्रे काढू लागला व आज स्वतःच्या पायांवर उभा आहे. ती भाषा त्यास लवकर मिळाली असती, उपचार लवकर झाले असते, तर त्याची वाट अधिक सुकर झाली असती. तिच्या आड आमचे अर्धवट ज्ञान आले.

म्हणून वाचकांस आमची कळकळीची विनंती आहे. दर हजार नवजात बालकांत एक ते तीन बालकांस जन्मतः श्रवणदोष असतो. आज त्याची परीक्षा जन्मानंतर दोनतीन दिवसांतच होते. निजलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून बारीक ध्वनी सोडतात व आतील कानातून परत येणारा सूक्ष्म प्रतिध्वनी यंत्र टिपते. बाळास इजा होत नाही, वेळ थोडा लागतो. नियम असा सांगतात की, पहिल्या महिन्याच्या आत ही चाचणी व्हावी, तीत शंका आल्यास तिसऱ्या महिन्याच्या आत निश्चित निदान व्हावे, व सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू व्हावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तेव्हा प्रसूती सरकारी दवाखान्यात होवो वा खाजगी, घरी परतण्यापूर्वी 'बाळाचे कान तपासले काय?' असे कोणीतरी विचारलेच पाहिजे. आजोबांस त्या दिवसांत दुसरे काम नसते. त्यांनी हे पत्करावे.

चाचणी झाली तरी घरानेही लक्ष ठेवावे, कारण काही दोष पुढे उद्भवतात. नवजात बाळ अचानक मोठ्या आवाजाने दचकते. तीनचार महिन्यांचे झाले की आईच्या आवाजाने शांत होते. सहा महिन्यांच्या सुमारास आवाजाच्या दिशेस मान वळविते व नाना प्रकारचे ध्वनी काढून खेळते. वर्षाचे होता होता स्वतःच्या नावास ओ देते. ह्यांत कोठे उणे दिसले तर 'सवय झाली असेल', 'मुलगा आहे, उशिरा बोलेल', असे समाधान करून घेऊ नये. ताट वाजवून पाहण्यानेही भागत नाही. बाळ ताटाचा वारा व हाताची हालचाल पाहूनही मान वळविते. सरळ तज्ज्ञाकडे जावे. अंगाई म्हणताना बाळाच्या मुखाकडे पाहावे, एवढी सवय जरी घरातील स्त्रीपुरुषांस लागली तरी पुष्कळ होईल. गाणे आपण बाळास ऐकवितो. ते त्यास पोहोचले की नाही, हे पाहावयाचे कामही आपलेच.

असो. भाद्रपदात सूनबाई प्रसूत झाली, कन्यारत्न झाले. तिसऱ्या दिवशी कानांची चाचणी झाली. दवाखान्यातील बाईंनी चिठ्ठीवर 'दोन्ही कान उत्तीर्ण' असे लिहून दिले. नातीची ती पहिली परीक्षा; ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. बाराव्या दिवशी बारसे झाले. वीसपंचवीस बायकांनी एका सुरात पाळणा म्हटला, व उत्सवमूर्तीने तो सबंध वेळ टाहो फोडून रडण्यात घालविला. आत्या जरा हिरमुसल्या.

रात्री पाहुणे पांगले. सूनबाई माजघरात बाळास घेऊन बसली होती व काही न बोलता एक चाल गुणगुणत होती. पावसाळाभर तांदूळ निवडताना तिच्या तोंडी असे तीच. बाळ रडावयाचे थांबले व डोळे उघडून पाहू लागले. आत्यांनी दाराशी येऊन थोडा वेळ ऐकले. मग त्याच चालीवर त्यांनी आपली एक ओवी बसविली, तीत वैनगंगेचे नाव होते. चिरंजीव हळूच उठले, त्यांनी मोबाइल बाहेर काढला व आत्यांचा आवाज त्यात उतरवून घेतला. तो पट्टा कपाटात आहे. त्याची आठवण घरात आता कोणी काढीत नाही.